शोषण यंत्र, सुवाह्य वैद्यकीय

रुग्णाच्या तोंडात, घशात किंवा श्वासनलिकेत साचलेले रक्त, लाळ, कफ, वांती इ. पदार्थ ऋण दाबाच्या साहाय्याने बाहेर ओढून श्वासमार्ग मोकळा करणाऱ्या साधनास वैद्यकीय शोषण यंत्र म्हणतात. रुग्णालयांत ते सक्शन मशीन या नावाने परिचित आहे. शस्त्रक्रियागृहातील किंवा खाटेजवळील यंत्र भिंतीतील निर्वात नळावर किंवा नेहमीच्या वीजपुरवठ्यावर चालते. याउलट एका हाताने उचलून अपघातस्थळी, घरात, शेतात किंवा रुग्णवाहिकेत नेता येणारे आणि विद्युत् घटमालेवर म्हणजेच रोजच्या भाषेतील बॅटरीवर चालणारे यंत्र सुवाह्य समजले जाते. आपत्कालीन वैद्यकीय पथकाच्या सामग्रीत प्राणवायूच्या नळकांड्याइतकेच या यंत्राला महत्त्व आहे. कारण घसा द्रवाने भरलेला असताना दिलेला प्राणवायू फुप्फुसांपर्यंत पोहोचत नाही, उलट कृत्रिम श्वसन देताना तो द्रव फुप्फुसांत ढकलला जाण्याचा धोका असतो. प्राणवायूचा पुरवठा तुटल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या कोशिकांना इजा होऊ लागते. त्यामुळे हे यंत्र वर्षातून थोड्याच वेळा लागत असले, तरी लागेल त्या क्षणी ते पूर्ण शक्तीने चाललेच पाहिजे. त्याच्या निगेचा सर्व विचार या एका गरजेतून निघतो.

उपयोगाचे प्रसंग : वाहन अपघातात जबड्याला किंवा चेहऱ्याला झालेली इजा, पक्षाघात, अपस्माराचा झटका, बुडणे, हृदयक्रिया बंद पडल्यानंतर होणारी वांती हे सर्वत्र आढळणारे प्रसंग होत. वऱ्हाडासारख्या कृषिप्रधान प्रदेशात आणखी दोन प्रसंगांची भर पडते. पहिला कार्बनी फॉस्फरस कीटकनाशकांच्या विषबाधेचा. ही द्रव्ये ॲसिटिलकोलीन या तंत्रिका-संदेशवाहक द्रव्याचे विघटन करणाऱ्या एंझाइमाला निष्क्रिय करतात. परिणामी ग्रंथींचे स्रवण अनावर होते, तोंडातून लाळेचा पूर लोटतो आणि श्वासनलिकांच्या शाखांत स्राव साचून रुग्ण जणू आतल्या आत बुडू लागतो. ॲट्रोपीन या औषधाने स्राव आटेपर्यंत शोषण यंत्राचाच आधार असतो. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले, तेव्हा या धोक्याकडे सर्व राज्याचे लक्ष वेधले गेले. दुसरा प्रसंग नाग व मण्यार यांच्या दंशाचा. त्यांच्या विषाने गिळण्याचे स्नायू लुळे पडतात, लाळ गिळता येत नाही व ती घशात साचते. नवजात अर्भकाच्या बाबतीत मात्र यंत्राचा सरसकट उपयोग करीत नाहीत. जन्मतः नीट श्वास घेणाऱ्या बालकाचे तोंड व नाक यंत्राने ओढू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. श्वासमार्ग खरोखर अडलेला असेल, तरच कमी दाब वापरून शोषण करतात.

तत्त्व : यंत्र द्रव ओढते असे आपण म्हणत असलो, तरी प्रत्यक्षात द्रवाला ढकलण्याचे काम वातावरणाचा दाब करतो. पंप बाटलीतील हवा काढून घेतो; बाटलीतील दाब बाहेरील दाबापेक्षा कमी होतो आणि या फरकामुळे रुग्णाच्या घशातील द्रव नळीवाटे बाटलीत येतो. समुद्रसपाटीवर वातावरणाचा दाब पाऱ्याच्या ७६० मिमी. उंचीच्या स्तंभाइतका असतो. म्हणून कोणत्याही पंपाने मिळणारा ऋण दाब या मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही. उंच ठिकाणी ही मर्यादा आणखी खाली येते. समुद्रसपाटीपासून सु. १,१०० मी. उंचीवरील चिखलदरा येथे वातावरणाचा दाब सु. ६६५ मिमी. असतो. सपाटीवर जेमतेम चालणारे यंत्र मेळघाटात अपुरे पडण्याचे हे एक कारण होय.

यंत्राची क्षमता दोन स्वतंत्र राशींनी ठरते. एक म्हणजे नळी बंद असताना गाठला जाणारा ऋण दाब आणि दुसरी म्हणजे नळी उघडी असताना दर मिनिटाला वाहणाऱ्या हवेचे आकारमान. घट्ट कफ जागचा हलविण्यास दाब लागतो, तर घसाभर वांती झटपट उपसण्यास प्रवाह लागतो. एक राशी चांगली असून दुसरी निकृष्ट असू शकते, हे निगा राखताना विसरून चालत नाही. प्रवाहावर नळीच्या व्यासाचा फार मोठा परिणाम होतो. प्वाझय यांच्या नियमानुसार संथ प्रवाहात तो त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे व्यास निम्मा झाल्यास प्रवाह एक सोळांशावर येतो. प्रत्यक्षातील प्रवाह खळबळाट असलेला असल्याने हे प्रमाण तंतोतंत लागू पडत नाही. तथापि वाळलेल्या कफाने निम्मी बुजलेली नळी यंत्र निकामी करण्यास पुरेशी का ठरते, हे त्यावरून कळते.

रचना : यंत्राचे पाच मुख्य भाग असतात. (१) घटमाला व तिचा चार्जर. (२) एकदिश विद्युत् प्रवाहावर चालणारी लहान मोटर आणि तिने चालणारा पंप. बहुतेक सुवाह्य यंत्रांत पंप पटल प्रकारचा असतो : मोटरीच्या अक्षावरील विकेंद्री चकती रबरी पटलाला वरखाली हलविते व दोन पातळ झडपा हवेला एकाच दिशेने जाऊ देतात. काही यंत्रांत पटलाऐवजी दट्ट्या असतो. (३) दाबमापक व ऋण दाब कमीजास्त करण्याची कळ. (४) साधारणतः एक लिटरपर्यंतची पारदर्शक बाटली. तिच्या झाकणात तरंगती झडप असते. बाटली भरली की ती वर येऊन पंपाकडे जाणारी वाट बंद करते. झाकण व पंप यांच्यामध्ये जंतुरोधक गाळणी असते. तिचा पडदा पाणी झिडकारणाऱ्या द्रव्याचा असल्याने हवा जाते, परंतु द्रव व जंतू अडतात. (५) रुग्णाकडील जाड भिंतीची नळी व तिची टोके. तोंड व घसा यांसाठी कठीण, वक्र व बोथट टोक वापरतात. ते सिडनी यँकाउअर या अमेरिकन कर्णनासाकंठतज्ञांनी १९०७ च्या सुमारास प्रचारात आणले व त्यांच्याच नावाने ओळखले जाते. श्वासनलिकेसाठी लवचिक, बारीक नळ्या (कॅथेटर) वापरतात. त्यांची जाडी फ्रेंच मापात सांगतात. एक फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिमी. होय. रुग्णाच्या श्वासनलिकेत बसविलेल्या नळीच्या आतील व्यासाच्या निम्म्यापेक्षा जाड कॅथेटर तीतून घालू नये, अन्यथा बाजूने हवा आत येण्यास जागा उरत नाही व फुप्फुसे आकसतात.

मानके : आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची १००७९ या क्रमांकाची मानकमाला शोषण साधनांसाठी आहे. तिच्या पहिल्या भागात विजेवर, दुसऱ्यात हाताने किंवा पायाने आणि तिसऱ्यात निर्वात नळावर वा दाबाखालील वायूवर चालणाऱ्या यंत्रांचा विचार केला आहे. घशातील शोषणासाठी असलेल्या यंत्राने २०० मिलि. कृत्रिम वांती १० सेकंदांच्या आत उपसली पाहिजे आणि घटमालेवर ते निदान २० मिनिटे चालले पाहिजे, अशा अपेक्षा या मानकमालेत मांडल्या आहेत. अमेरिकेतील रुग्णवाहिका-प्रशिक्षणात शिकविली जाणारी कसोटी अधिक सोपी आहे : नळी चिमटीत धरल्यापासून चार सेकंदांत ३०० मिमी. (४० किलोपास्काल) ऋण दाब मिळावा आणि नळी उघडी असताना मिनिटाला ३० लिटर हवा वाहावी. तिच्यातील पहिला भाग कोणत्याही उपकरणाविना तपासता येत असल्यामुळे दैनंदिन तपासणीस तो फार सोयीचा आहे. घशासाठी ३०० मिमी. वा अधिक दाब वापरतात. श्वासनलिकेसाठी मात्र प्रौढांत साधारणतः १०० ते १५० मिमी. आणि नवजात बालकांत ८० ते १०० मिमी. एवढाच ठेवतात. म्हणून दाब कमी करणारी कळ ही केवळ सोय नसून सुरक्षेचा भाग आहे व तिचीही तपासणी आवश्यक असते.

महाराष्ट्रातील सेवा : राज्यात १०८ या दूरध्वनी क्रमांकावर मिळणारी महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. आरंभी तीत ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक व ७०४ मूलभूत जीवरक्षक प्रकारच्या होत्या आणि गाडीत वैद्य असणे हे या सेवेचे वैशिष्ट्य होते. रुग्णालयांतील वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीसाठी केंद्र शासनाने २०१५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली एक कार्यक्रम आखला. त्यापूर्वी केलेल्या पाहणीत निरनिराळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद अवस्थेत आढळली होती. उपकरणे चालू स्थितीत राहण्याचे प्रमाण जिल्हा रुग्णालयांत ९५ टक्के, सामूहिक आरोग्य केंद्रांत ९० टक्के व प्राथमिक आरोग्य केंद्रांत ८० टक्के असावे, असे या कार्यक्रमाचे उद्दिष्ट आहे. अशी टक्केवारी व्यवस्थापनाला उपयुक्त असली, तरी रुग्णवाहिकेत शोषण यंत्र एकच असते. ते बंद असेल, तर त्या रुग्णापुरते प्रमाण शून्य टक्केच असते. म्हणून रुग्णवाहिकेतील यंत्राची पहिली जबाबदारी दूरच्या कार्यशाळेची नसून गाडीवरील पथकाचीच असते.

घटमालेची निगा : सुवाह्य यंत्र बंद पडण्याचे नेहमीचे कारण घटमाला हे होय. पंप झिजतो तो वापराने. घटमाला न वापरताही झिजते. सध्या तीन प्रकारच्या घटमाला आढळतात.

बंदिस्त शिसे-अम्ल घटमाला स्वस्त व सहज मिळणारी असते. गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये शोधलेल्या घटाचेच हे सुधारलेले रूप आहे. १२ व्होल्ट घटमालेत दोन व्होल्टचे सहा घट असतात. हिचा मोठा शत्रू म्हणजे विसर्जित अवस्थेत पडून राहणे. अशा वेळी पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटाचे मोठे, कठीण स्फटिक बनतात व ते पुन्हा विरत नाहीत. म्हणून प्रत्येक वापरानंतर ती लगेच विद्युत् भारित करावी लागते आणि भाराखाली विद्युत् दाब सु. १०·५ व्होल्टच्या खाली जाईपर्यंत यंत्र चालवीत नाहीत. निकेल-कॅडमियम घटमाला दणकट असते. परंतु दरवेळी अर्धवट वापरून पुन्हा भारित केल्यास तिची उपलब्ध क्षमता कमी होऊ शकते व निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे मधूनमधून ती पूर्ण विसर्जित करून भरावी लागते. लिथियम-आयन घटमाला वजनाला हलकी असून १९९१ पासून व्यापारी प्रमाणावर उपलब्ध झाली. तिच्यावर नियंत्रण ठेवणारे इलेक्ट्रॉनीय मंडल आतच असते. फुगलेली, ठेचलेली किंवा गरम होणारी लिथियम-आयन घटमाला तत्काळ वापरातून काढतात, कारण तिला आग लागू शकते. एका प्रकारचा चार्जर दुसऱ्या प्रकारास लावणे सर्वथा वर्ज्य होय.

चार्जरवरील हिरवा दिवा पाहून पुष्कळदा यंत्र सज्ज असल्याचे मानले जाते. ही समजूत घातक आहे. दिवा एवढेच सांगतो, की घटमालेने आता प्रवाह घेणे थांबविले आहे. तिच्यात किती विद्युत् भार मावतो हे तो सांगत नाही. गाळाने भरलेला रांजणही काठोकाठ भरतो, पण त्यातील पाणी तांब्याभर असते; जुन्या घटमालेचे तसेच असते. समजा, १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास क्षमतेच्या घटमालेवर ४ अँपिअर प्रवाह घेणारा पंप चालवायचा आहे. भागाकार केल्यास पावणेदोन तास हे उत्तर येते. परंतु घटमालेवरील आकडा २० तासांत सावकाश विसर्जन केल्यास लागू पडतो. जलद विसर्जनात क्षमता घटते व प्रत्यक्षात सव्वा तासाच्या आसपास काळ मिळतो. जुनी होऊन क्षमता ६० टक्क्यांवर आली, की हाच काळ पाऊण तासावर येतो. दिवा मात्र तेव्हाही हिरवाच असतो.

यावर उपाय म्हणजे धावण्याची कसोटी. दर तीन महिन्यांनी घटमाला पूर्ण भारित करतात, चार्जर काढून यंत्र सर्वाधिक शक्तीवर, नळी उघडी ठेवून २० मिनिटे चालवितात व शेवटी नळी चिमटीत धरून ३०० मिमी. दाब चार सेकंदांत मिळतो की नाही ते पाहतात. न मिळाल्यास घटमाला बदलतात. कसोटी चालू असताना पथकाजवळ दुसरे यंत्र असले पाहिजे आणि नंतर घटमाला पूर्ण भारित होईपर्यंत पहिले यंत्र सज्ज मानीत नाहीत. घटमाला बसविल्याची तारीख तिच्यावर न पुसणाऱ्या शाईने लिहितात. शिसे-अम्ल घटमाला कसोटीत उतरत असली, तरी दोन ते तीन वर्षांनंतर ती बदलणे श्रेयस्कर ठरते. निकामी घटमाला केरात टाकत नाहीत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती अधिकृत संकलन व पुनश्चक्रण व्यवस्थेकडे सोपविणे आवश्यक आहे.

दैनंदिन तपासणी : प्रत्येक पाळीच्या आरंभी दोन-तीन मिनिटांत पुढील गोष्टी क्रमाने पाहतात. (१) चार्जर काढून यंत्र घटमालेवरच चालू करतात. चार्जर लावून घेतलेली चाचणी घटमालेविषयी काहीच सांगत नाही. (२) नळी उघडी असताना दाबमापकाचा काटा पाहतात. तो शून्याजवळ असावा. (३) रुग्णाकडील टोक अंगठ्याने बंद करून सेकंद मोजतात. (४) कळ फिरवून दाब १०० मिमी. पर्यंत उतरतो व तेथे स्थिर राहतो हे पाहतात. (५) थोडे स्वच्छ पाणी ओढून पाहतात. (६) बाटली रिकामी, झाकण घट्ट, गाळणी कोरडी व पांढरी आहे याची खात्री करतात. (७) कठीण टोक, निरनिराळ्या मापांचे कॅथेटर, जादा नळी, नळी धुण्यासाठी पाण्याची बाटली आणि हाताने किंवा पायाने चालणारा पंप जागेवर आहेत का, ते पाहतात. (८) यंत्र पुन्हा चार्जरला लावून दिवा लागल्याचे पाहतात व नोंदवहीत वेळ, मिळालेला दाब व सही लिहितात. नुसते ‘ठीक’ असे लिहिण्याऐवजी आकडा लिहिण्याचा फायदा असा, की रोज चार सेकंदांत मिळणारा दाब सहा, मग आठ सेकंदांत मिळू लागल्याचे बिघाडापूर्वीच लक्षात येते.

बिघाडाचा शोध : दाबमापकाच्या दोन वाचनांवरून बहुतेक बिघाडांचे स्थान ठरविता येते. नळी उघडी असताना काटा वर चढत असेल, तर वाटेत अडथळा आहे. नळी बंद असताना काटा खालीच राहत असेल, तर गळती आहे किंवा पंप दुबळा झाला आहे. अडथळ्याचा शोध रुग्णाकडून यंत्राकडे घेतात. प्रथम टोक, मग नळी, मग बाटलीची तरंगती झडप व शेवटी गाळणी एकेक करून वेगळी करतात. जो भाग काढताच काटा शून्यावर येतो, तो दोषी समजतात. गळतीचा शोध उलट दिशेने घेतात. बाटली व नळ्या बाजूला करून पंपाचे तोंड थेट बोटाने बंद करतात. दाब पूर्ण मिळाला, तर पंप निर्दोष असून दोष झाकणाची रबरी कडी, बाटलीची चीर किंवा नळीचे सांधे यांत असतो. तेथेही दाब मिळाला नाही, तर मोटरीच्या आवाजाकडे लक्ष देतात. ती मंद, थकल्यासारखी फिरत असेल तर घटमाला किंवा तिची सैल झालेली अग्रे, आणि नेहमीच्या वेगाने फिरूनही दाब नसेल तर फाटलेले पटल किंवा चिकटलेली झडप हे कारण असते. मोटर मुळीच फिरत नसेल, तर प्रथम फ्यूज पाहतात. पटल व झडपा बदलण्याचे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचे असते; नळी, कडी, गाळणी व फ्यूज मात्र पथकाने स्वतः बदलावयाचे असतात व त्यांचा जादा संच गाडीतच ठेवतात.

गाळणी भिजली की हवेची वाट बंद होते. हा दोष नसून पंपाचे व पथकाचे रक्षण करण्याची ती योजनाच आहे. अशा वेळी गाळणी काढून टाकून किंवा तिला छिद्र पाडून काम भागविण्याचा मोह होतो. तसे केल्यास रुग्णाचे रक्त व कफ पंपात शिरतात, झडपा चिकटतात आणि क्षयासारख्या रोगांचे जंतू पंपाच्या हवेबरोबर गाडीच्या बंद जागेत पसरतात. द्रव पंपापर्यंत गेलेला असल्यास यंत्र वापरातून काढून कार्यशाळेत पाठवितात.

स्वच्छता : वापरानंतर हातमोजे, मुखपट्टी व डोळ्यांचे आवरण घालून बाटली व नळ्या काढतात. जमा झालेला द्रव रुग्णालयाच्या ठरलेल्या व्यवस्थेनुसार निर्जंतुक करूनच सांडपाण्यात सोडतात. तो रस्त्यात किंवा उघड्या गटारात ओतणे २०१६ च्या जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांच्या विरुद्ध आहे. वापरलेले कॅथेटर व एकदाच वापरावयाच्या नळ्या लाल पिशवीत टाकतात. पुन्हा वापरावयाचे भाग आधी साबणाच्या पाण्याने घासून धुतात व नंतर निर्मात्याने सांगितलेल्या जंतुनाशकात तेवढाच वेळ ठेवतात. हा क्रम उलटा करीत नाहीत, कारण रक्त व कफ यांच्या संपर्कात क्लोरीनयुक्त द्रावणाची शक्ती नष्ट होते. यंत्राचा मुख्य भाग पाण्यात बुडवीत नाहीत; ओलसर फडक्याने पुसतात. जोडणीपूर्वी सर्व भाग पूर्ण कोरडे झाले पाहिजेत. ओल्या बाटलीत व नळीत स्यूडोमोनस प्रकारचे सूक्ष्मजंतू वाढतात आणि उरलेल्या ओलाव्याने नवी गाळणी पहिल्याच वापरात बुजते.

वऱ्हाडातील परिस्थिती : निर्मात्याच्या पुस्तिकेतील सूचना बहुधा २०° ते २५° से. तापमान व निर्धूळ हवा गृहीत धरून लिहिलेल्या असतात. अंजनगाव सुर्जी हे अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण या दृष्टीने उदाहरणादाखल घेता येईल. उत्तरेस सातपुड्याचा म्हणजे मेळघाटाचा पायथा व दक्षिणेस पूर्णा नदीचे खोरे यांच्यामध्ये हा तालुका वसलेला आहे. गंभीर रुग्ण येथून अचलपूर, अकोला किंवा अमरावतीस हलविताना बराच काळ रुग्णवाहिकेतच जातो. अर्थात यंत्र काही मिनिटे नव्हे, तर संपूर्ण प्रवासभर पुरले पाहिजे.

पहिली अडचण उष्णतेची. एप्रिल-मेमध्ये वऱ्हाडात तापमान ४५° से. च्या आसपास जाते आणि उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत ते याहूनही पुष्कळ वाढते. शिसे-अम्ल घटमालेचे आयुष्य २५° से. च्या वर दर ८ ते १० अंशांमागे सु. निम्मे होते. लिथियम-आयन घटमालेचे संरक्षक मंडल साधारणतः ४५° से. च्या वर भारण थांबविते. त्यामुळे यंत्र दिवसभर चार्जरला लावलेले असूनही संध्याकाळी रिकामे असू शकते. म्हणून उन्हाळ्यात गाडी सावलीत उभी करणे, पाळी नसताना यंत्र आरोग्य केंद्रातील थंड खोलीत भारित करणे आणि धावण्याची कसोटी तीन महिन्यांऐवजी दरमहा घेणे इष्ट ठरते.

दुसरी अडचण पाण्याची. पूर्णेच्या खोऱ्याचा मोठा भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. तेथील भूजल क्षारयुक्त आहे. अशा पाण्याने धुतलेली बाटली वाळल्यावर तिच्यावर पांढरा थर राहतो. बाटलीवर तो निरुपद्रवी दिसतो. परंतु तरंगत्या झडपेच्या बैठकीवर बसल्यास झडप अडकते किंवा नीट मिटत नाही, रबरी कडी खरखरीत होऊन गळते आणि धातूची अग्रे गंजतात. शेवटचे खंगाळणे ऊर्ध्वपातित किंवा शुद्धीकरण यंत्रातील पाण्याने केल्यास हा त्रास टळतो. साचलेला थर सौम्य व्हिनेगराने काढता येतो. मात्र क्लोरीनयुक्त जंतुनाशक व आम्ल एकत्र येऊ देत नाहीत, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

तिसरी अडचण धूळ व हादरे यांची. काळ्या मातीची बारीक धूळ आणि वेचणीच्या हंगामात उडणारे कापसाचे तंतू मोटरीच्या हवेच्या छिद्रांत बसतात व मोटर तापते. ही छिद्रे दर आठवड्याला मऊ ब्रशाने झाडतात. खाचखळग्यांच्या रस्त्यांवर घटमालेची अग्रे व स्क्रू ढिले होतात. ते महिन्यातून एकदा तपासतात. पावसाळ्यात दमट हवेने अग्रांवर हिरवट-पांढरा गंज चढतो, तो काढून अग्रे कोरडी ठेवावी लागतात. चौथी अडचण विजेची. खंडित वीजपुरवठ्यात चार्जर तासन् तास बंद राहतो. पुष्कळ गाड्यांत १२ व्होल्टची जोडणी इंजिनाच्या किल्लीशी निगडित असते. गाडी उभी असताना यंत्र भारित होत आहे असे वाटते, पण प्रत्यक्षात होत नसते. नवी गाडी ताब्यात घेतानाच किल्ली काढून चार्जरचा दिवा लागतो की नाही हे पाहणे, हा यावरील साधा उपाय होय.

पर्यायी साधने : उत्तम निगा राखूनही यंत्र बंद पडू शकते, म्हणून विजेविना चालणारे साधन सोबत असणे अनिवार्य मानतात. १९५० नंतरच्या दशकात डेन्मार्कमध्ये प्रचारात आलेला पायाने दाबण्याचा पंप आणि पिस्तुलासारखा हाताने दाबण्याचा पंप हे त्याचे दोन प्रकार होत. दोन्हींचा सराव आधी केलेला असावा लागतो. काहीच हाती नसेल, तर मानेला इजा झाल्याचा संशय नसलेल्या रुग्णाला कुशीवर वळवून तोंड खाली करणे व दिसणारा पदार्थ बोटाभोवती कापड गुंडाळून काढणे एवढेच करता येते; तरीही ते केल्याने कित्येकदा प्राण वाचतो. यंत्र चालू असतानाही एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा अधिक काळ शोषण करीत नाहीत, कारण द्रवाबरोबर रुग्णाचा प्राणवायूही ओढला जातो.

जबाबदारीची वाटणी : दैनंदिन तपासणी, स्वच्छता व किरकोळ भाग बदलणे हे पथकाचे, तिमाही कसोटी व सुट्या भागांचा साठा हे आरोग्य केंद्राचे, आणि वर्षातून एकदा दाबमापकाचे प्रमाणीकरण, प्रवाहमापकाने प्रवाह मोजणे, पटल व झडपा तपासणे हे जैव-वैद्यकीय अभियंत्याचे काम असते. बंद पडलेल्या यंत्रावर ठळक चिठ्ठी लावून ते गाडीतून उतरवितात व बदली यंत्र आल्याखेरीज ती गाडी सज्ज असल्याचे कळवीत नाहीत. बंद यंत्र गाडीत तसेच राहू देणे हे यंत्र नसण्यापेक्षा अधिक धोक्याचे असते. कारण यंत्र नाही हे ठाऊक असलेले पथक पायपंप घेऊन निघते, तर आपले यंत्र चालू आहे असे समजणारे पथक रुग्णाजवळ पोहोचेपर्यंत निर्धास्त असते.